उकडलेल्या भोपळ्याचा कट

“लिही,” आमचे बंधुराज म्हणाले. “‘ज्याच्या नजरेतून टाचणीचं टोक सुटत नाही, ज्याच्या कानांना भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येते, ज्याचं नुसतं नाव ऐकून गुन्हेगारांची झोप उडते, असा या शहरातला एकमेव शास्त्रशुद्ध अन्वेषक...’ लिहिलंस?”

“लिहिलं. आता जरा ऊठ. तू माझ्या कोऱ्या कागदांवर बसला आहेस.”

ते कागद चोरीला गेले असं तो सकाळपासून म्हणत होता. संशय खालच्या इस्त्रीवाल्यावर होता. तो उठला, कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “बघ, परत मिळवले की नाही?”

मी त्याची मावसबहीण. चार वर्षांनी मोठी आहे, म्हणून तो मला ताई म्हणतो आणि वागवतो मात्र हाताखालच्या कारकुनासारखं. तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलणार आणि मी टिपणार. खोटं बोलणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही, कोर्टात ती रीतच असते. राग यायचा तो एका वाक्याचं काम दहा वाक्यांत करणाऱ्यांचा. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. दुसऱ्याच महिन्यात यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली.

हा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पाण्याची चोरी तीनदा पकडली. दोनदा मीटरच बिघडलेला निघाला आणि तिसऱ्यांदा ते घर त्याच्या सासऱ्यांचं निघालं. सासरे अजून त्याच्याशी बोलत नाहीत. दिवसभर हा घरात नको म्हणून त्याच्या बायकोनं त्याला माझ्याकडे लावून दिलं. माझ्या बाहेरच्या खोलीत कपाट आडवं लावून त्यानं कचेरी थाटली, आणि माझा टाइपरायटर, माझी वही आणि मी, अशा तीन वस्तू कामाला घेतल्या.

त्या मंगळवारी दार वाजलं आणि पन्नाशी उलटलेला एक किडकिडीत गृहस्थ आत आला. भांग नीट पाडलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे. खुर्चीत बसला तोही अंग चोरून.

बंधुराजांनी डोळे बारीक केले. “तुम्ही बोलू नका. मी सांगतो. तुम्ही जादूचे प्रयोग करता.”

“नाही.”

“मग बँडमध्ये वाजवता.”

“नाही हो.”

“तिजोऱ्या फोडता. लाजू नका, इथलं बोलणं बाहेर जात नाही.”

“माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे,” गृहस्थ म्हणाला.

“तेच म्हणणार होतो.”

घड्याळजींनी हातमोजे काढले. मी मनाची कठीण बाई आहे, तरी माझं पेन थांबलं. बोटांची सालं निघालेली, पेरांवर चिरा पडलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी खाजवून खाजवून रक्त आलेलं. मान एका बाजूनं लाल होती आणि उजवी पापणी सुजून जड झाली होती. हे दाखवतानाही त्यांचा डावा हात उजव्या हाताला खाजवत होता आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

“लहानपणी इसब होता,” ते म्हणाले. “कोपराच्या आतल्या बाजूला. मग वीस-बावीस वर्षं त्यानं नाव काढलं नाही. आता मला चिमटा धरवत नाही, साहेब. परवा मोहरीएवढा स्क्रू हातातून पडला. दीड तास जमिनीवर रांगत होतो.”

“कधीपासून?”

“दोन महिने झाले. त्याच्या आधी रक्त तपासलं होतं. चरबी वाढलीय म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बायकोनं तेल बंद, लोणी बंद, साखर बंद केली. सगळं उकडलेलं. भोपळा, गाजर, परत भोपळा. पंधरा दिवसांत हे सुरू झालं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आमचं लग्न होऊन आठच महिने झालेत. दोघांचंही दुसरं. ती घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली होती. मी मुद्दाम तीन वेळा ते नीट केलं नाही.”

हे सांगताना गृहस्थ चक्क लाजला.

“माझी थोरली बहीण आलीय राहायला. आक्का. ती म्हणते, ही तुझ्या जेवणात काहीतरी घालतेय. बायको अत्तराच्या कारखान्यात वास तपासायची, बावीस वर्षं. आक्का म्हणते, असल्या बायकांना रसायनांची माहिती असते. रविवारी आक्का परत जाणार. त्याच्या आधी हिला हिच्या भावाकडे पोचवून ये म्हणते. कायमची.”

“आणि तुमचं काय म्हणणं?” मी विचारलं.

“एरवी विश्वास बसत नाही, बाई. खाजवायला लागलो की बसतो.”

कोर्टात मी हजारो उत्तरं टिपली, पण इतकं खरं उत्तर क्वचित ऐकलं. आणि तेवढ्यासाठीच त्या माणसाचा मला पहिल्यांदा राग आला. खाज सुटली की बायको खुनी, खाज थांबली की बायको गुणी.

“डॉक्टरला दाखवलंत का?”

“ताई,” बंधुराज मध्येच म्हणाले, “डॉक्टर लक्षण बघतो. मी हेतू बघतो. तू लिही.”

मी लिहिलं.

बुधवारी आम्ही वेषांतर करून घड्याळजींच्या घरी गेलो. वेषांतर म्हणजे यानं मीटर तपासनिसाचा जुना गणवेश घातला. मी म्हटलं, अरे, हा तर तूच झालास. तर म्हणाला, “तीच तर खुबी आहे. मला मीटर तपासनीस समजतील, आणि मी असेन अन्वेषक.” पोटावरची दोन बटणं लागत नव्हती, तिथं त्यानं माझी वही धरली.

दार घड्याळजींच्या बायकोनं उघडलं. उंच, शांत, पांढरे केस मानेवर बांधलेली बाई. भावानं आमचं येणं आधीच कानावर घातलेल्या आक्का आतल्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या आणि तिथून आमच्याकडे अशा खुणा करत होत्या की कट कुणाचा चाललाय ते अख्ख्या जिन्याला कळावं.

“पाण्याचा मीटर बघायचाय,” बंधुराज म्हणाले.

“या ना,” वहिनी म्हणाल्या. मी त्यांना पहिल्यापासून वहिनीच म्हणत आले आहे. “मीटर खाली जिन्याखाली असतो, पण तुम्ही स्वयंपाकघर बघून घ्या. त्यासाठीच आलात ना? गणवेश बरीच वर्षं पेटीत होता तुमचा. डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. मोजे मात्र तीन दिवसांचे आहेत. आणि बाई, तुमच्या पिशवीत पेपरमिंट आहे. ओलं झालंय, काढून ठेवा.”

मी पिशवीत हात घातला. पेपरमिंट खरंच विरघळून कागदाला चिकटलं होतं.

कुणालाही लाज वाटली असती. आमच्या बंधुराजांनी माझ्या कानात सांगितलं, “सावध बाई आहे. लिही, सावध.”

स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख. बरण्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या, त्यांवर डाळ-तांदळाची नावं आणि आणल्याची तारीख. ओट्यावर भोपळा उकडत होता. वहिनींनी आम्हाला दोघांना वाडग्यात वाढला. मीठ नाही, तेल नाही, काही नाही. तो खाऊन माणसाला विष घातलंय असं वाटणं मी समजू शकते, पण ते चवीबद्दल. बंधुराजांनी दोन फोडी गुपचूप चष्म्याच्या डबीत घातल्या.

“वन्सं, तुम्हाला हवाय का थोडा?” वहिनींनी आतल्या खोलीत विचारलं.

“नको गं बाई,” आक्का आतून म्हणाल्या. “मला अजून जगायचंय.”

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि ते ठेवताना हात किंचित थांबला एवढंच. बंधुराजांना तो दिसला नाही. टाचणीचं टोक सुटत नाही म्हणे.

गुरुवारी सकाळी तपासाला शास्त्रशुद्ध सुरुवात झाली. डबीतला भोपळा एव्हाना आंबला होता. “मी स्वतःवर प्रयोग करणार,” असं म्हणून त्यानं तो खाल्ला. दुपारी एक वाजता उजव्या पायाला खाज सुटली. त्यानं मला लगेच लिहायला लावलं: ‘विष पायाकडून चढते.’ मी मोजे काढायला सांगितलं. मोजे काढले, पाय धुतला, खाज गेली. त्याच्यावर त्यानं वाक्य दुरुस्त केलं: ‘विष पाण्याला भिते.’ त्यानंतरचे दोन तास तो माझ्या संडासात होता, त्यामुळे दुसरा सिद्धांत मला दाराबाहेर उभं राहून टिपावा लागला.

दुसरा सिद्धांत पापणीचा. “उजवीच पापणी का सुजली?” तो आतून ओरडून विचारत होता. “घड्याळजी उजव्या डोळ्याला भिंग लावतात म्हणून. भिंगाच्या कडेला कुणीतरी काहीतरी चोपडतंय. कोण? समोरचा घड्याळवाला.”

“समोर चपलांचं दुकान आहे.”

“मग तो चपलेच्या आडून घड्याळं दुरुस्त करत असणार.”

या सिद्धांतापायी दुपारी आम्ही चपलांच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानदारानं मला सात जोड दाखवले. मी पायांत घालत होते आणि हा मोठ्या आकाराच्या बुटाच्या आडून रस्त्यापलीकडे बघत होता. घड्याळजींचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं टेबल, त्यावर दिवा, चिमटे, इवल्याशा चाकांनी भरलेल्या बश्या, आणि घड्याळाचे भाग धुवायला पेट्रोलची लहान वाटी. मागे पडदा. घड्याळजी भिंग लावून वाकले होते. मध्येच भिंग काढून मान चोळायचे, परत भिंग लावायचे.

बरोबर चारला ते उठले. कोपऱ्यावरच्या गाडीवर गेले. तिथं कढईत बटाट्याच्या लांब फोडी तळत होत्या आणि गाडीवाला त्यांवर लसणाचं मीठ भुरभुरवत होता. घड्याळजींनी कागदाची पुडी घेतली, इकडेतिकडे पाहिलं, दुकानात येऊन पडदा ओढून घेतला. वीस मिनिटांनी बाहेर आले. पुडी नव्हती.

“लिही,” बंधुराज म्हणाले. “‘चार वाजता अशील पडद्यामागे एकांतात बसून चिंतन करतात. सत्प्रवृत्त माणूस.’”

“तो पडद्यामागे तळलेले बटाटे खातोय.”

“ताई, त्या माणसाला पथ्य आहे.”

“म्हणूनच पडदा आहे.”

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “निरीक्षण आणि निष्कर्ष यांत फरक असतो,” म्हणाला. इतक्या वर्षांत प्रथमच आम्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, फक्त निरीक्षण कुणाचं आणि नुसता निष्कर्ष कुणाचा ते त्याला कळलं नाही.

मी घरी येऊन वही उघडली आणि विचार केला. हा माणूस पथ्य मोडतोय, म्हणजे ज्या पथ्यानं खाज सुटली म्हणून बायकोवर बालंट आलं, ते पथ्य तो धड पाळतच नाही. रविवारला तीन दिवस उरले होते. तेवढ्यात एका बाईचा संसार मोडणार होता आणि आमचे बंधुराज भिंतीवर चार नावं लिहून त्यांच्यामध्ये दोऱ्या बांधत होते. चौथं नाव भाजीवाल्याचं होतं.

शुक्रवारी सकाळी मी दुकानात गेले, घड्याळजींना म्हटलं, “कुलूप लावा,” आणि दंडाला धरून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. त्वचेच्या विभागाबाहेर बाकावर अडीच तास बसलो. अडीच तासांत त्यांनी दोनशे वेळा खाजवलं असेल, आणि दर वेळी मी त्यांच्या हातावर वही मारली.

डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या, आणि त्यांनी आमच्या बंधुराजांचं नाव ऐकलेलं नव्हतं. हात उलटेपालटे करून बघितले, मान बघितली, पापणी बघितली.

“लहानपणी इसब होता?”

“हो.”

“म्हणजे कातडी मुळातच नाजूक. हात कशानं धुता?”

“साबणानं.”

“आणखी?”

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“पेट्रोलनं,” ते म्हणाले.

“काम करताना लागतं तेवढंच?”

“नाही. म्हणजे... दुपारी जरा खाणं होतं. त्याचा वास जात नाही बोटांचा. मग पेट्रोलनं धुतो. मग भांडी घासायच्या पावडरीनं. मग परत पेट्रोलनं. लसूण फार चिवट असतो, डॉक्टर.”

“रोज?”

“रविवारी दुकान बंद असतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग त्याच हातानं पापणीवर भिंग लावता, त्याच हातानं मान चोळता.”

“विचार करताना चोळतो.”

“करत जाऊ नका,” डॉक्टर म्हणाल्या. मानेबद्दल की विचाराबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही. मलम लिहून दिलं, दिवसातून पाच-सहा वेळा लावायला साधं जाड क्रीम लिहून दिलं, पेट्रोलला बोट लावायचं नाही, भाग धुवायला चिमटा आणि ब्रश वापरायचा, पाण्यात हात घालणं कमी. तीन आठवड्यांत फरक पडेल म्हणाल्या.

“आणि जेवण?” मी विचारलं. “उकडलेल्या भोपळ्यानं होतंय असं यांच्या घरचे म्हणतात.”

“काही जणांना खाण्यानंही वाढतं. पण भोपळ्याला काय माहीत, नेमकं बोटांवरच उठायचं ते? पथ्य चालू राहू दे. यांच्या रक्ताला त्याची गरज आहे. पुढचा कोण आहे?”

दोन महिन्यांचं रहस्य होतं. डॉक्टरांना चार मिनिटं लागली, त्यांतलं एक मिनिट त्या शिंकत होत्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला वाटलं, आता हा माणूस धावत घरी जाईल. तो पायरीवर बसला आणि हात जोडून म्हणाला, “बाई, हिला बटाट्यांचं सांगू नका. माझ्यासाठी एवढं सगळं करते ती. समजलं तर तिच्या मनातून उतरेन.”

“आणि तुमच्या बहिणीला काय सांगणार?”

“सांगेन की... बरं वाटतंय.”

“विषाचं?”

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात खाजवायला घेतला.

मी तिथं भर रस्त्यात त्यांना काय काय बोलले ते वहीत नाही, कारण टिपणारी मीच होते आणि बोलणारीही मीच. सारांश असा, की बायको विष घालते हा बोभाटा चालेल, पण आपण पुडीभर बटाटे खाल्ले ही कबुली चालणार नाही, असा भेकड मी कोर्टातसुद्धा पाहिला नव्हता, आणि तिथं भेकडांचीच ये-जा असते. शेवटी म्हटलं, “उद्या सगळ्यांसमोर तुम्ही बोलायचं. नाही बोललात तर मी वाचून दाखवीन.”

शनिवारी सकाळी दहाला बंधुराजांनी सगळ्यांना घड्याळजींच्या घरी जमवलं. वहिनी खिडकीपाशी उभ्या. आक्का पलंगावर. घड्याळजी हातमोजे घालून स्टुलावर. चपलांचा दुकानदार दाराशी. दुकान टाकून आलोय, लवकर आटपा, असं त्याचं चाललं होतं. भाजीवाला आला नाही. त्यानं निरोप पाठवला की भोपळा हवा असेल तर न्या, नाहीतर माझ्या नादी लागू नका.

“गुन्हा,” बंधुराज सुरू झाले, “हा नेहमी घरातूनच सुरू होतो.” मग ते चाळीस मिनिटं बोलले. चपलांच्या दुकानदारावर आरोप केला, तो मागे घेतला, आणि जाता जाता बुटाचा नंबर विचारून घेतला. मान लाल झाली म्हणून आक्कांनी विणलेल्या मफलरवर आरोप केला. आक्का म्हणाल्या, मी जन्मात सुई धरलेली नाही. त्यावर यानं मला लिहायला सांगितलं, ‘विणकामाचा इन्कार करते.’ आणि शेवटी सगळ्या दोऱ्या जिथं येऊन मिळतात तिथं तो आला. त्यानं बोट दाखवलं.

“बावीस वर्षं रसायनांत काढलेली बाई. नवरा दुसरा. पथ्य तिनं ठरवलं. पातेलं तिच्या हातात. दोन महिन्यांत नवऱ्याच्या हातांची ही दशा. वहिनी, भोपळ्यात काय घालत होतात?”

“मी सांगत होते,” आक्का तेवढ्या म्हणाल्या.

वहिनींनी आमच्या बंधुराजांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. तो स्टुलावर बसून मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होता. त्या वाट बघत होत्या, आणि त्या कशाची वाट बघतायत हे त्या खोलीत चपलेच्या दुकानदारालाही कळलं होतं. शेवटी त्यांनी कपाटावरची पिशवी खाली काढली आणि दांडीवरचे कपडे घड्या करून तिच्यात भरू लागल्या.

मी वही उघडून उभी राहिले.

“थांबा,” घड्याळजी म्हणाले. मला म्हणाले की तिला, ते कळलं नाही. “मी रोज चार वाजता बटाटे खातो. तळलेले. लसणाचं मीठ लावून. पडद्यामागे. मग वास येऊ नये म्हणून पेट्रोलनं हात धुतो. त्यानं झालंय हे. डॉक्टर म्हणाल्या. तुझा काही... भोपळ्याचा काही दोष नाही.”

वहिनींनी हातातली घडी पिशवीत ठेवली.

“बटाट्यांचं माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. पेट्रोलचा वास वर असतो, त्याच्याखाली बटाटा असतो. शुक्रवारी तेल जुनं असतं त्याचं, खात जाऊ नका शुक्रवारी.”

“मग बोलली का नाहीस?”

“एवढ्या मेहनतीनं लपवत होतात. म्हटलं, आवडतंय तर खाऊ दे एक पुडी. संध्याकाळच्या जेवणात चमचाभर तेल घालणार होते, तेही काढून टाकलं, म्हणजे दिवसाचं फार होणार नाही.” त्यांचा आवाज तसाच शांत होता, फक्त जरा बारीक झाला. “पेट्रोलचा वास मला दुकानातल्या कामाचा वाटला. तुम्ही त्यानं हात सोलून काढताय हे कळलं असतं तर मीच घरी तळून दिले असते.”

आक्कांनी पाय पलंगावरून खाली घेतले.

“तुमच्या हातांना बटाट्याचा वास येत होता तरी मी गप्प बसले,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुम्हाला माझ्या हातच्या जेवणात विष वाटलं?”

“खाजवताना,” ते पुटपुटले.

हे मी टिपलं आणि खाली रेघ मारली. मी त्या बाईच्या जागी असते तर पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घातलं असतं, भोपळ्यासकट.

वहिनींनी पिशवीची चेन लावली. “हात बरे व्हायला किती दिवस लागतील म्हणाल्या?”

“तीन आठवडे,” मी म्हटलं.

“मग तीन आठवडे मी भावाकडे राहते. वन्सं, तुम्ही आजच निघा. यांना एकट्याला शिजवून खाऊ दे.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तीन आठवड्यांनी स्वतः केलेलं काहीतरी डब्यात घालून घेऊन या. मी वास न घेता खाईन. घरातल्या माणसाच्या हातचं कसं खायचं असतं, ते दाखवायचंय तुम्हाला.”

आणि त्या गेल्या. दारात त्यांनी चपलांच्या दुकानदाराला वाटसुद्धा मागितली नाही, तो आपणच भिंतीला चिकटला.

बंधुराजांनी संध्याकाळी अहवाल सांगितला: ‘अन्वेषकाच्या भेदक प्रश्नांपुढे टिकाव न लागल्यामुळे अशिलाने स्वतःविरुद्ध कबुली दिली.’ मी टाइप केलं, कारण त्यात तसं खोटं काही नव्हतं. खाली माझ्या मनानं एक ओळ घातली, ‘डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न: हात कशाने धुता.’ त्यानं ती खोडली. मी परत टाइप केली.

तीन आठवड्यांनी घड्याळजी आमच्या दाराशी आले. हातांवर नवी, गुलाबी, तुकतुकीत कातडी आली होती. बगलेत डबा होता. एकट्यानं जायची हिंमत होत नाही म्हणाले, तुम्ही चला. मला त्या माणसाबद्दल काही प्रेम नव्हतं, पण वहिनींसाठी गेले.

डब्यात डाळ-तांदूळ एकत्र शिजवलेले होते आणि ते खालून लागले होते. मला ते वाटेतच कळलं होतं, झाकण बंद असतानासुद्धा. माझं नाक साधं आहे. वहिनींना ते फाटकापासून कळलं असणार. भावाच्या ओसरीवर त्या खुर्चीत बसल्या, झाकण काढलं, डबा नाकाशी नेला नाही, भांड्याच्या तळात पाहिलं नाही. चमचा भरला आणि खाल्ला.

घड्याळजी उभेच होते. त्या खात राहिल्या. काळे कोळसे लागले तेही खाल्ले. एकदाच म्हणाल्या, “करपलंय.”

“हो,” ते म्हणाले. आणि मग भर दुपारी, भावाच्या ओसरीवर, माझ्यादेखत ते रडले.

डबा रिकामा करून वहिनी उठल्या. ते डोळे पुसत म्हणाले, “आण इकडे, मी धुतो.”

“तुम्ही पाण्यात हात घालू नका,” वहिनी म्हणाल्या, आणि डबा घेऊन पिशवी भरायला आत गेल्या.